तीन धंदे डोक्यात आहेत, कोणता धरू?

भाऊ, डाळ मिल, शेळीपालन, मसाला कांडप, तिन्ही चांगले. पण सुरुवात एकाचीच कर. घरची तूर आहे, तर मी डाळच धरीन. मशीन मात्र आत्ता नको. अनुदान दिसलं की लोक आधी कर्ज काढतात अन् गिऱ्हाईक मग शोधतात, सगळ्यात महाग चूक तीच.

एक क्विंटल तूर जवळच्या मिलवर भरडून आण. साधारण 70 किलो डाळ पडते. चुरी-कोंडा ढेपेसारखा गुरांना चालतो, त्याचेही पैसे धर. अन्न नोंदणी (खाण्याचा माल विकायला लागणारी FSSAI ची नोंदणी) करून चार आठवडी बाजार बस आणि वहीत लिही:

- नातेवाईक सोडून परत कोण आलं
- भरडाई, गाडीभाडं, पिशव्या
- तुझी स्वतःची मजुरी (ही कुणीच धरत नाही!)

उधारी पहिल्या दिवसापासून बंद. चार बाजारांनंतर वही घेऊन ये, आपण बसून हिशेब पाहू.