शाळेच्या मैदानावर पळताना मूल कोसळलं तर सीपीआरला न्यायचं की सीपीआर द्यायचा?

आधी तिथेच सीपीआर द्या. कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयच डोळ्यांसमोर येतं, पण हा छातीवर दाब देण्याचा उपाय आहे. हाकेला ओ नाही, श्वास नाही किंवा माशासारखी नुसती तोंडाची उघडमीट चाललीय, तर एकाने १०८ लावावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध जोरात दाबावं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती साधारण ५ सेंटिमीटर खाली जाईल इतकं. रक्तपुरवठा थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूला इजा होते. मी खेळाचा शिक्षक. प्रशिक्षणात पुतळ्यावर हेच करून घेतलं. कांदा हुंगवत बसू नका. श्वास नीट चालू असेल तर मात्र दाब नको, कुशीवर वळवा; आणि पळतानाच शुद्ध हरपली असेल तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढाच.