शेजारी बायकोला मारहाण होते, आपण मध्ये पडावं का? गावातली समिती काही करू शकते का?

पडावं. "नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला" हे लग्न झाल्यापासून घरात ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

समितीचं सांगते. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, पाण्याची भांडणं गावात मिटली, कोर्टाच्या खेपा वाचल्या, हे खरंच. पण तंटे मिटवल्याचे गुण आणि गुणांवर बक्षीस म्हटल्यावर काय होणार? आमच्या मागच्या आळीतल्या एकीला नवऱ्याने फुंकणीने मारलं. मनगट एवढं सुजलं की पाटली पकडीने कापून काढावी लागली. तिसऱ्या दिवशी चावडीत बैठक. पंधरा पुरुष, कोपऱ्यात दोन बायका. शंभराच्या स्टँपवर "यापुढे मारहाण करणार नाही, पत्नी नांदण्यास तयार आहे". बाई सातवी शिकलेली, पण उजव्या हाताला पट्टी, म्हणून डावा अंगठा उमटवला. साक्षीदार म्हणून आमच्या ह्यांची सही. मग चहा. महिन्याभरात परत तेच.

हे अजून म्हणतात, "आम्ही संसार जोडला." मी म्हणते, मार्क जोडलेत. बांध कोरणारा आणि बायकोला मारणारा एकाच वहीत कसे लिहिता?

उपयोग झाला तो बचत गटाचा. हप्ता गोळा करायला बसायचो तिथेच ती बोलायला लागली. तेव्हा टीव्हीवर 'बेल बजाओ'ची जाहिरात लागायची, मारहाणीचा आवाज आला की शेजारी बेल वाजवून काहीतरी किरकोळ मागतो. आमच्याकडे कुठली बेल? कडी वाजवायची आणि विरजण मागायचं, असं ठरलं. पहिल्या रात्री मीच गेले. तो दारात आला, हातात पट्टा तसाच.

"आत्ता विरजण?"

"दूध कोमट आहे तोवर लावते."

उभी राहिले. आतून तीच वाटी घेऊन आली. पुढे आळीतल्या सगळ्यांनाच अवेळी विरजण लागायला लागलं. मार थांबला असं म्हणणार नाही, कमी झाला. शेवटी ती तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेली, सोबत आम्ही चौघी. हे आले नाहीत.

तुमचा मुद्दा राहिलाच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काही येत नाही. ह्यांना हे मी तीनदा वाचून दाखवलंय. महिलांसाठी १८१, जीवावर बेतलं तर ११२.

फक्त आधी त्या बाईला एकटीला गाठून विचारा. आपण परस्पर तक्रार करून घरी झोपतो, मार तिला बसतो. आणि तो प्यायलेला असेल, हातात कोयता असेल, तर विरजण-बिरजण नको, सरळ फोन करा. आमच्यावर ती वेळ आली नाही, एवढंच.