सैनिकांना ऐतिहासिक वारसा जपायला शिकवून खरंच काही उपयोग होतो का?

होतो. पण अधिकाऱ्यांना वर्गात बसवून स्लाइड दाखवल्या की काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी मोर्चा, म्हणजे लढायचा खंदक, खोदलेला नाही. वारसा आधी लागतो तो फावडं धरणाऱ्या जवानाच्या हाताला.

मी पायदळात हवालदार होतो. गाव धाराशिव जिल्ह्यातल्या तेरजवळ. आमच्याकडे पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पाऊस पडून गेला की मणी, खापरं वर येतात आणि पोरं वेचतात. रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी जमवलेल्या अशाच वस्तूंचं तेरला संग्रहालय आहे. त्यामुळे राजस्थानात घग्गरच्या कोरड्या पात्रालगत सरावाला असताना, गुडघाभर खोदल्यावर राखेसारखी भुरकी माती लागली तसा माझा हात थांबला. लाल खापर निघालं. वर काळ्या रंगाच्या दोन रेघा, काठाला कुणाच्या तरी बोटाचा ठसा. हडप्पा काळातलं कालीबंगा याच नदीच्या काठी आहे. मी म्हटलं, "सर, ही जुनी वस्ती आहे, पन्नास पावलं सरकू या." साहेब म्हणाले, "मडकीच आहेत ना, देऊळ तर नाही? खोदा." संध्याकाळपर्यंत आम्ही त्याच मातीनं सँडबॅगा भरल्या, खापरांसकट.

२००३-०४ मध्ये इराकमधल्या प्राचीन बॅबिलॉन शहराच्या अवशेषांवर अमेरिकी आणि पोलिश फौजांचा तळ होता, तिथंही हेच झालं. ब्रिटिश म्युझियमच्या अहवालात त्या सँडबॅगांची नोंद आहे. पुढे २००७ मध्ये अमेरिकेनं जवानांना पुरातन वास्तूंची चित्रं असलेले पत्ते वाटले. हे मला पटतं. पत्ते तंबूत रोज हातात येतात. त्यातल्या एकावर इराकमधल्याच टेसिफोन या जुन्या शहराची कमान आहे. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१५ मध्ये, तिथंच आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी लढल्या. टेसिफोन हे नाव मी पलटणींच्या युद्धसन्मानांत कितीदा वाचलं होतं, पण तिथं एवढी कमान उभी आहे हे त्या पत्त्यामुळे कळलं.

म्हणून रंगरूटाला खोदाई शिकवतानाच पांढरी माती हातात द्या, खापर ओळखायला लावा. आणि त्यानं हात वर केला तर ऐकून घ्यायचं, हे साहेबांना शिकवा.

गोळ्या चालू असताना खापरं बघत बसा, असं मी म्हणत नाही. युद्धात वारसा जपण्यासाठीचा, भारतानं मान्य केलेला १९५४ चा हेग करारही लष्करी निकड असेल तर सूट देतो. पण आमचा तो सराव होता. समोर शत्रू नव्हता, आणि डाव्या हाताला नुसती मोकळी वाळू पसरली होती.