प्लग आतच अडकला तर?

"आतच अडकला तर काय करायचं जी?" सुनेला बाहेर बसवून धरमपेठेच्या काकूंनी विचारलं. बाळंतपणात गुदद्वाराचा स्नायू फाटलेला. आता साठीत पातळ शौच नकळत गळतं. वर्ध्याचं लग्न तोंडावर, आणि बसमध्ये काय होईल या धास्तीने त्यांनी जेवणच तोडलेलं. डॉक्टरांनी शौच गळू नये म्हणून गुदद्वारातून आत घालायचा फोमचा प्लग, म्हणजे मऊ बूच, सुचवला होता, पण भीती जात नव्हती.

अडकत नाही. प्लगची दोरी बाहेरच राहते. ती हलकेच ओढली की फोम दबून बाहेर येतो. जोराची लागली तर शौचासोबत आपोआपही पडतो.

चुकतं ते घालताना. प्लगवर पाण्यात विरघळणारं पातळ आवरण असतं. आतल्या ओलाव्याने ते अर्ध्या मिनिटात विरघळतं आणि फोम उमलतो. काकू हात धुऊन ओल्याच बोटांनी प्लग धरायच्या, म्हणून तो गुदद्वाराच्या तोंडाशीच फुगायचा आणि दुखायचं. बोटं कोरडी हवीत. टोकाला व्हॅसलिन लावायचं, पाण्याचं जेल नको. आधी शौच उरकायचं, मग डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन न थांबता आत सरकवायचा. सुरुवात लहान मापाने. निसटत असेल तरच मोठं.

पहिली चाचणी घरीच, दोनेक तासांची. सुरुवातीला सारखी लागल्यासारखं वाटतं, बऱ्याच जणांचं ते ओसरतं. काहींना प्लग सोसतच नाही, त्यांनी ओढून काढावा. यात त्यांचं काहीही चुकलेलं नसतं. जास्तीत जास्त 12 तास, मग नवा. वापरलेला कमोडमध्ये नाही, कागदात गुंडाळून कचऱ्यात.

शौच पातळ असेल तर मात्र कोणताच प्लग नीट टिकत नाही. तर्री-पोहे खाल्ले की काकूंना लगेच पळावं लागे. तर्री बंद केली, डॉक्टरांना विचारून इसबगोल सुरू केलं, तेव्हा कुठे प्लग जागेवर राहू लागला. उलट बद्धकोष्ठात खडा अडकून बाजूने पातळ गळत असेल, तर आधी तो खडा काढावा लागतो. म्हणून तपासणी टाळू नये. फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर), रक्त पडणं, आतड्याची सूज, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा कंबरेखाली संवेदना नसणं, यांत डॉक्टरांच्या परवानगीशिवाय प्लग नकोच.

लग्नाला काकू प्लग घालून गेल्या, पोटभर जेवल्या. पर्समध्ये पॅड, दोन जादा प्लग, व्हॅसलिन आणि झिपची पिशवी होती. घरी असताना त्या पॅडच वापरतात, स्नायूंचे व्यायाम करतात आणि प्लग बाहेरगावासाठी ठेवतात.