पूरक कोन : ९० चे की १८० चे?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी मराठी माध्यमात सातवीला. पुस्तकात पूरक कोनांची बेरीज १८० अंश दिली आहे, आणि मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओतले सर ९० सांगतात. घरी तेलुगू बोलतात, म्हणून त्यांनी तेलुगू माध्यमात शिकलेल्या काकांना विचारलं, तर तेही ९० म्हणाले. आता चूक कोणाची?

कोणाचीच नाही. मराठीत ९० अंश बेरीज असलेल्या जोडीला कोटिकोन म्हणतात आणि १८० च्या जोडीला पूरक कोन. हिंदीत ९० ची जोडी पूरक आणि १८० ची संपूरक. तेलुगूतही तसंच. म्हणजे या तिघींत मराठी एकटी पडते, पण माझं मत विचाराल तर मराठीची सोय जास्त चांगली आहे. 'पूरक' म्हणजे भरून काढणारा. पण काय भरून काढणारा, काटकोन की सरळ कोन, हे तो शब्द सांगत नाही. ते पाठच करावं लागतं. 'संपूरक'चंही तेच. 'कोटि' मात्र पत्ता सांगतो.

संस्कृतात कोटि म्हणजे टोक, विशेषतः धनुष्याचं. आपल्या जुन्या गणितात धनुष्याचा पसारा बराच आहे : चाप (कमान), ज्या (दोरी), शर (बाण), सगळं तिथलंच. काटकोन त्रिकोणाच्या काटकोनालगतच्या दोन बाजूंना भुज आणि कोटि म्हणत, तिसरीला कर्ण. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त हीच नावं आहेत. यातला कर्ण आजही पुस्तकात आहे, कोटि बाजू मात्र गेली आणि कोनाच्या नावात उरली. काटकोन त्रिकोणाचे उरलेले दोन कोन मिळून ९० अंशच होतात, म्हणून ते एकमेकांचे कोटिकोन. ज्या म्हणजे आजची साइन, आणि कोटिज्या म्हणजे कोटिकोनाची ज्या. मुलगी नववी-दहावीत गेली की कोसाइन म्हणून तीच पुन्हा भेटेल. ३० ची साइन आणि ६० ची कोसाइन सारखी का, याचं उत्तर या नावातच आहे.

एक अडचण खरी आहे. मुलांना कोटी म्हटलं की रुपये आठवतात. त्यांना लिहिताना दाखवावं : समासात पहिलं पद म्हणून येतो तेव्हा 'टि' ऱ्हस्व, सुटा शब्द लिहिला की दीर्घ. रुपयांचा कोटीही मूळचा हाच शब्द, म्हणून हसणाऱ्या पोराला फार रागावू नये.

घरी शिकवायचं तर व्याख्या बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. त्याच्या कोपऱ्यातून सुरू होणारी कोणतीही तिरकी रेघ मारून कापा. कोपऱ्याचे जे दोन तुकडे झाले ते कोटिकोन. दुसऱ्या कागदाच्या सरळ कडेवर मधेच एक बिंदू घ्या आणि तिथून तिरकं कापा. त्या बिंदूपाशी झालेले दोन कोन पूरक. रेघ कितीही तिरपी मारली तरी बेरीज बदलत नाही, हे मुलीला दोन-तीनदा कापून बघू द्या. कोनमापक नंतर.

व्हिडिओ बंद करायची गरज नाही, पण ही एकच गल्लत नाही, एवढं ध्यानात असू द्या. हिंदीतला न्यून कोण म्हणजे आपला लघुकोन, अधिक कोण म्हणजे विशालकोन, समकोण म्हणजे काटकोन. तेलुगूत काटकोनाला लंबकोणम् म्हणतात, ते लंबावरून लगेच कळतं. हिंदीतला वर्ग हा आपला चौरस. मराठीत वर्ग संख्येचा. वर्ग सोडला तर हे शब्द निदान वेगळे दिसतात, त्यामुळे मूल थांबून विचारतं. 'पूरक' दोन्हीकडे तोच दिसतो आणि अर्थ बदलतो, म्हणून गुण तिथेच जातात. मराठी माध्यमाच्या पेपरात १८० लिहायचं.