तपासणीआधी खावे की नंतर?

प्रश्न : विमानतळावर पोहोचल्यावर सुरक्षा तपासणीच्या आधीच थोडे खाऊन-पिऊन घ्यावे का? पेय अर्धवट राहिल्यास ते आत नेता येते का?

उत्तर : निरोप द्यायला आलेली मंडळी सोबत असतील, तर तपासणीआधी त्यांच्याबरोबर घटकाभर बसण्याला अर्थ आहे, कारण त्यांना सहसा पुढे प्रवेश नसतो. एरवी आधी तपासणी उरकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रांगेला किती वेळ लागेल, याचा अंदाज बाहेर बसून येत नाही आणि घड्याळाकडे पाहत संपवलेली कॉफी जीभ तेवढी भाजते.

अर्धवट पेयाचे म्हणाल, तर द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आला आणि त्यानंतर अनेक देशांनी, विशेषतः आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी, हातातील सामानातल्या द्रवपदार्थांवर प्रत्येकी १०० मिलिलिटरची मर्यादा घातली. यात मोजली जाते ती बाटलीची क्षमता, आत उरलेले पेय नव्हे. त्यामुळे अर्ध्या लिटरच्या बाटलीत तळाशी घोटभर रस असला, तरी ती अडवली जाते. दही, जॅम आणि सूप हेही द्रवातच गणले जातात. बिस्किटे किंवा पाव मात्र सहसा अडत नाहीत, तसेच तान्ह्या बाळाच्या दुधाला सवलत असते. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे ही मर्यादा शिथिल झाली आहे, पण परतीच्या विमानतळावर ती असू शकते. रिकामी बाटली सोबत ठेवून ती तपासणीनंतर भरून घेणे सर्वांत सोयीचे.