पाण्यातले ढेकूण: ओळख आणि नोंद

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न: भातखाचरात चपटा, लंबगोल, तपकिरी किडा सापडला. पाठीवर अंडी फरशीसारखी जडवलेली होती. लांबी १६ मिलिमीटर. प्राणिशास्त्राच्या जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत असेच चित्र ‘बेलोस्टोमा’ नावाने आहे. ही मादी तेच का? नोंद कोणत्या नावाने करू?
– शिक्षिका, जांबोटी परिसर

उत्तर: ही मादी नव्हे, नर आहे. मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि निघून जाते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दोन आठवडे, नर ती वागवतो आणि मधूनमधून पृष्ठभागाजवळ येऊन अंड्यांना हवा देतो. तोवर त्याला पंखही उघडता येत नाहीत. म्हणून नोंदीत ‘प्रौढ नर, अंड्यांसह’ असे बिनधास्त लिहा. फोटो काढून झाला की त्याला त्याच खाचरात सोडा. डासांच्या अळ्या खाणारा प्राणी आहे, शेताबाहेर नेऊन काय करायचे?

‘बेलोस्टोमा’ मात्र खोडा. ती प्रजात (जवळच्या जातींचा गट, जीनस) अमेरिका खंडांतली. आपल्याकडच्या किड्याची प्रजात डिप्लोनिकस, आणि जुन्या कागदांत ‘स्फिरोडेमा’ दिसले तर तेही तिचेच जुने नाव. गल्लत वहीतून वहीत उतरत आली आहे.

आता जाती. डिप्लोनिकस अ‍ॅन्युलॅटस मोठा, दोन सेंटीमीटरच्या पुढचा. डिप्लोनिकस रस्टिकस लहान, साधारण दीड सेंटीमीटरचा. इथेच बहुतेक जण फसतात. अ‍ॅन्युलॅटसचे वाढते पिल्लूही दीड सेंटीमीटरचे असते, आणि नुसत्या पट्टीच्या भरवशावर ते रस्टिकस म्हणून नोंदले जाते. पिल्लाला पूर्ण पंख नसतात, पाठीवर फक्त पंखांच्या कळ्या दिसतात. तुमच्या किड्याच्या पाठीवर अंडी आहेत, म्हणजे तो प्रौढ, हा प्रश्न सुटला आणि अ‍ॅन्युलॅटस बाद झाला. तरीही ‘रस्टिकस’ लिहायची घाई नको, कारण मॉलेस्टस ही आणखी एक जात भारतातून नोंदलेली आहे. ‘डिप्लोनिकस, जात अनिश्चित, लांबी १६ मिमी’ ही नोंद कमी प्रतीची नाही. चुकीचे पूर्ण नाव दुरुस्त करायला जास्त कष्ट पडतात.

लांबी डोक्याच्या टोकापासून पंखांच्या टोकापर्यंत मोजा. पाणविंचू (लॅकोट्रेफिस) आणि काडीसारखा रानात्रा यांच्या शेपटीकडची श्वासनळी त्यात धरू नका; तिची लांबी वेगळी लिहा, कारण ओळखीत शरीराशी तिचे प्रमाण पाहावे लागते.

प्रश्न: गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत उताणे पोहणारे किडे आहेत. हातात घेतला तर चावला. वरून सुरेख फोटो काढून आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकला, पण ‘अ‍ॅनिसॉप्स’ या प्रजातीच्या नावापुढे कोणी जात नाही.
– वाचक, निपाणी

उत्तर: पुढे जाता येत नाही म्हणूनच कोणी जात नाही. उताणा पोहतो म्हणजे कूळ नोटोनेक्टिडी. पालथे पोहणारे कोरिक्सिडी वेगळे: त्यांची चोच आखूड, त्रिकोणी आणि पुढचे पाय खोऱ्यासारखे. चावरे ते तुमचेच. झोंबते मधमाशीसारखे, पण थोड्या वेळात उतरते.

अ‍ॅनिसॉप्स आणि धष्टपुष्ट एनिथारिस यांच्यातला फरक पाठीवर आहे. दोन्ही पंखांची मधली शिवण पुढच्या बाजूला जिथे सुरू होते, तिथे अ‍ॅनिसॉप्सला केसांची झालर असलेली बारीक खळगी असते. एनिथारिसला नसते. जातीसाठी मात्र नर लागतो. त्याच्या डोक्याचा पुढचा आकार, चोचीवरचा काटा, आणि पुढच्या पायाच्या नडगीवरची दात्यांची फणी व तिचे दाते पाहावे लागतात. नर कोणता, तर ज्याच्या पुढच्या पायाच्या पावलाला एकच खंड आहे तो. मादीला दोन असतात. हे हातातल्या १० पट भिंगाने होत नाही, सूक्ष्मदर्शक हवा. वरून काढलेला फोटो कितीही सुरेख असो, त्यात यातले जवळजवळ काहीच येत नाही.

पुढच्या वेळी पांढऱ्या परातीत थोडे पाणी घ्या, खाली आलेख-कागदाचा तुकडा ठेवा आणि वरून, पोटाकडून, बाजूने, डोक्याचा समोरून आणि पुढच्या पायाचा असे पाच फोटो घ्या. आणि गुगलच्या चित्रांशी जुळवून ‘नोटोनेक्टा ग्लॉका’ किंवा ‘रानात्रा लिनिआरिस’ लिहू नका. त्या युरोपकडच्या जाती. इंग्रजी पानांवर त्यांचीच चित्रे जास्त असतात एवढेच.

प्रश्न: नमुने सॅनिटायझरमध्ये ठेवले होते, चिकट झाले. चिठ्ठीवरची शाईही गेली.
– विद्यार्थी, खानापूर

उत्तर: सॅनिटायझरच्या जेलमध्ये घट्टपणासाठी इतर पदार्थ असतात, ते वापरू नका. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून ९५ टक्के अल्कोहोल मिळाले तर त्यातले ७० मिलिलिटर घ्या आणि पाणी घालून एकूण ९५ मिलिलिटर करा, ७० टक्के तयार. डीएनएसाठी ठेवायचे असेल तर पाणी घालू नका, आणि फॉर्मेलीन तर अजिबात नको. बाटलीचा तिसरा हिस्सा किड्यांनी, बाकी अल्कोहोल. दुसऱ्या दिवशी ते बदला: किड्याच्या अंगातल्या पाण्याने पातळ होते आणि नमुना सडतो. रंग उडतातच, म्हणून फोटो आधी. जिवंत किडे एका डब्यात कोंबू नका, एकमेकांना खाऊन घरी पोचेपर्यंत एकच उरतो.

चिठ्ठी जाड कागदावर, शिसपेन्सिलीने, आणि बाटलीच्या आत. बाहेर चिकटवलेली निघून जाते. तीवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख (महिना अक्षरात, नाहीतर ७/८ म्हणजे ऑगस्ट की जुलै हे कोण सांगणार?), गोळा करणारा, आणि जागा: ‘लावणीचे खाचर, पाणी १० सेंमी, स्थिर’. अक्षांश-रेखांश चार दशांशांपर्यंत पुरतात, त्यात सुमारे ११ मीटर कळतात. अक्षांशाच्या जागी रेखांश लिहिले तर बेळगावचा किडा नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जातो. असे होते बरे का.

दोन मिलिमीटरच्या मायक्रोनेक्टा या पाण्यातल्या ढेकणासाठी चहाची गाळणी जाळ्यापेक्षा बरी. ओढ्यात जाळे प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून वरचे दगड पायाने ढवळा. भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही किडा उचलू नका.

प्रश्न: जुन्या संग्रहातल्या चिठ्ठीवर नुसते ‘बेळगाव, मुंबई इलाखा’ आहे. आज कुठे नोंदू?
– वाचक, चंदगड सीमेजवळून

उत्तर: आधी चिठ्ठी जशीच्या तशी उतरवा, स्पेलिंगसकट. मग वेगळ्या रकान्यात आजचा अर्थ. १९५६ पूर्वी चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते, आता ते कोल्हापूरमध्ये आहे. तेव्हा ‘बेळगाव’ म्हणजे शहर, तालुका की जिल्हा हे चिठ्ठी सांगत नसेल तर ‘कर्नाटक’ लिहूच नका. ‘जुना बेळगाव जिल्हा’ एवढेच लिहा आणि नकाशावर टिंब न देता पूर्ण जुना जिल्हा सामावेल असे अनिश्चिततेचे वर्तुळ द्या. २०१४ नंतरच्या चिठ्ठीवर ‘बेळगावी’ दिसेल. ते त्याच गावाचे बदललेले अधिकृत नाव, दुसरे ठिकाण नव्हे.